किल्ला, दिवाळीतील

दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्रातील मुले अंगणात, ओट्यावर किंवा गच्चीवर दगडमातीचा जो लहानसा किल्ला उभारतात, तो स्वनिर्मित खेळविश्वाचा एक प्रकार होय. त्यात हारजीत नसते, ठरलेले नियम नसतात व खेळ अमुक वेळी संपला असेही नसते. बांधकामास अनेक हात लागतात. बांधून झाल्यावर मात्र एखादे मूल त्याच्यासमोर एकटेच तासन्‌तास रमते.

विटा व दगड यांच्या ढिगावर चिखलात भिजविलेले गोणपाट पसरून डोंगराचा उठाव साधतात. त्यावर तट, बुरूज, महादरवाजा, तळे व पाऊलवाट काढतात. सोलापूरच्या परिसरातील काळी माती ओली असता चांगली चिकटते. पण वाळताना ती आकसते व तटाला भेगा पडतात. म्हणून तीत भुसा किंवा मुरूम मिसळणे हिताचे ठरते. खुद्द सोलापूरचा किल्ला बहमनी काळातील भुईकोट असून दुहेरी तट, खंदक आणि लगतचा सिद्धेश्वर तलाव ही त्याची वैशिष्ट्ये होत. दिवाळीतील प्रतिकृती मात्र बहुधा रायगड, प्रतापगड अशा गिरिदुर्गांच्या असतात. वास्तविक खंदकात पाणी टिकविण्याची खटपट मुलांना कड्याइतकीच रंजक वाटावी.

किल्ल्यास जिवंतपणा येतो तो चित्रांच्या (मातीच्या लहान मूर्तींच्या) संख्येमुळे नव्हे. ओळीने मांडलेले पन्नास मावळे दुकानातील फळीसारखे दिसतात; उलट अर्ध्या वाटेवर थांबलेली एकच गवळण पाहणाऱ्याला प्रश्न पाडते. ती वर दूध घेऊन निघाली आहे की परतत आहे? दरवाजा बंद होण्यापूर्वी ती पोचेल काय? तळ्यात पाणी कोठून येते, दाणागोटा कोणत्या वाटेने चढतो, वेढा पडल्यास चोरदिंडी कोठे उघडते, यांची उत्तरे मांडणीत असली की कथा आपोआप सुरू होते. मावळा दरवाजापेक्षा उंच असला तरी बिघडत नाही. पण त्याला काम नसले तर बिघडते. दुसरे कारण म्हणजे बदल. पेरलेली मोहरी किंवा हळीव काही दिवसांत उगवून उजेडाकडे झुकते, रात्री पणतीच्या प्रकाशात गुहेतील वाघ निराळा भासतो, अवकाळी सरीने बुरूज ढासळतो व डागडुजी करावी लागते.

एच्. जी. वेल्स यांनी फ्लोअर गेम्स (१९११) या पुस्तकात जमिनीवर मांडलेल्या अशाच जगांचे वर्णन केले. मार्गारेट लोवेनफेल्ड यांच्या लंडनमधील चिकित्सालयात १९२९ च्या सुमारास मुले वाळूच्या तबकात खेळणी मांडीत व त्या मांडणीला ‘जग’ म्हणत. संगणकीय खेळांतील मुक्त प्रकारालाही वाळूच्या हौदाचेच नाव मिळाले आहे. तेथील अडचणही तीच : प्रदेश अफाट, पण ओसाड. अल्टिमा ५ (१९८८) मधील गावकऱ्यांना झोपण्याच्या, जेवणाच्या व कामाच्या वेळा नेमून दिलेल्या होत्या. ड्वार्फ फोर्ट्रेस (२००६) मध्ये खेळाडू किल्ला बांधू लागण्यापूर्वीच संगणक त्या जगाचा काही शतकांचा इतिहास रचतो.

बाजारात प्लॅस्टरचे तयार किल्लेही मिळतात. ते सुबक असतात. तथापि त्यांत पेरता येत नाही, ढासळण्यासारखे काही नसते आणि चित्रे मांडली की मुलाचे काम संपते. मातीचा किल्ला दिवाळीनंतर मोडतात. चित्रे कागदात गुंडाळून पुढील वर्षासाठी ठेवली जातात व माती कुंड्यांत जाते.