बिऱ्हाड पाठीवर

मैत्रिणींनो, प्रवासाला निघताना आपला अर्धा जीव मागे स्वयंपाकघरात अडकलेला असतो. गेल्या नाताळच्या सुट्टीत मात्र माझं स्वयंपाकघरच जीपच्या मागून धावत होतं!

झालं असं, की नाशिकच्या भाऊजींनी एक जुना कॅम्पर ट्रेलर विकत घेतला. राज्य सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हे खूळ त्यांच्या डोक्यात होतं. दोन चाकांची लोखंडी गाडी, जीपच्या मागे आकड्याला अडकवायची. मुक्कामाला पोचल्यावर झाकण उघडलं की कापडी तंबू उभा राहतो. आत चौघांच्या झोपण्यापुरती जागा आणि सगळ्यात मागे छोटासा ओटा. भाऊजींना रजा मिळेना, म्हणाले, "वहिनी, तुम्हीच पहिली चक्कर मारून या." शहाद्याहून तोरणमाळ पन्नास-पंचावन्न किलोमीटर. म्हटलं, जाऊन तर येऊ!

सामान मी भरलं. ओटा मागे, म्हणून सगळं मागे. वीस-वीस लिटर पाण्याचे दोन कॅन, पिठाचा डबा, कुकर, लोणच्याची बरणी आणि (हसू नका हं) खलबत्ता.

पहिला प्रसंग गल्लीतच. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की तो उजवीकडे वळतो, हे ज्ञान आम्हाला शेजारच्या काकूंच्या तुळशीवृंदावनाने दिलं. एक कोपरा गेला. काकू काही बोलल्या नाहीत, पण मला तर तोंड लपवावंसं झालं. मामंजी, म्हणजे आमचे आबा, मागच्या सीटवरून एवढंच म्हणाले, "जरा उतरून गाडी पाहू का?" हे आधीच घामाघूम. फटकन म्हणाले, "आबा, ही बैलगाडी नाही!" आबा गप्प बसले. मला ते फार लागलं.

म्हसावदच्या अलीकडे सरळ रस्ता लागला, तसा यांनी वेग वाढवला. आणि ट्रेलर शेपटी हलवायला लागला! आधी थोडा, मग इतका, की जीपचा मागचा भागही त्याच्याबरोबर इकडेतिकडे जाऊ लागला. समोरून उसाने भरलेली ट्रॉली येत होती. सासूबाईंनी दत्ताचा धावा सुरू केला, मी मुलाला पोटाशी धरलं. यांनी कचकन ब्रेक मारला नाही, नुसता पाय उचलला, म्हणून हे लिहायला मी शिल्लक आहे. ट्रॉली हातभर अंतरावरून गेली.

गाडी बाजूला घेतली. कोणी बोलेना. आबा उतरले, ट्रेलरचा दांडा आकड्यातून सोडवला, एका हाताने सहज वर उचलला आणि म्हणाले, "गाडी उलाळ व्हई गयी."

बैलगाडीत ओझं मागे झालं की जू वर उचललं जातं, ती उलाळ. पुढे फार झालं की बैलांच्या मानेवर भार येतो, ती धुरजड. आबा लहानपणी दत्तजयंतीला घरच्या बैलगाडीने सारंगखेड्याच्या यात्रेला जायचे. तापीकाठी दोन-तीन रात्री गाडीतच मुक्काम, दिवसभर घोड्यांचा बाजार बघायचा. निघताना गाडी तोलायचं काम त्यांच्याकडे असे. ट्रेलरचंही तेच. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा आकड्यावर यावा, जड सामान चाकांच्या किंचित पुढे ठेवावं, असं मी नंतर वाचलं.

"कॅन मागे कसे गेले? घाईत मीच ठेवले असतील," हे पुटपुटले. मैत्रिणींनो, मी गप्प राहिले! आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता चाळीस किलो पाणी पुढे सरकवलं.

राणीपूरनंतरचा घाट खालच्या गिअरमध्ये नीट चढलो. वर यशवंत तलावाचं पाणी दिसलं आणि सासूबाईंच्या चेहऱ्यावर रंग आला. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास उंच. तिथली हवा विरळ, त्यामुळे वेफर्सची पाकिटं फुग्यासारखी टम्म फुगलेली. चिरंजीव त्यांना हात लावायला तयार नव्हते. पाणीही तिथे ९६ अंशांच्या सुमारास उकळतं, म्हणजे उघड्या पातेल्यात डाळ शिजायला वेळ लागतो. कुकर होता हो, पण शिट्टी शहाद्याला ओट्यावर! रात्री नऊला कचकचीत खिचडी खाल्ली. आता शिट्टी कुकरच्या कानाला दोऱ्याने बांधून ठेवते, तुम्हीही ठेवा. आणि शेगडी तंबूबाहेरच पेटवा, कितीही थंडी असो. बंद कापडात गॅस जाळणं म्हणजे जिवाशी खेळ.

तंबू किंचित उतारावर लावलाय, हे झोपल्यावर कळलं. पहाटे पाहिलं तर आम्ही चौघं एकाच कोपऱ्यात, सासूबाई सगळ्यांत खाली! आबा रात्रीच आपली गोधडी घेऊन जीपमध्ये झोपायला गेले होते.

परत निघताना यांनी धडा घेऊन झाडून सगळं सामान पुढे कोंबलं. मग किल्ली हातात धरून जरा वेळ घुटमळले आणि म्हणाले, "आबा, जरा बघता का?" आबांनी दांडा उचलायला हात घातला आणि हसले. "आता धुरजड झाली. थोडं मागे घे."

खलबत्ता मागे गेला. कॅन कोणी ठेवले होते, ते यांना अजून ठाऊक नाही. अंक घरी आला की कळेलच.