परिपाठातील बातमी आणि वर्गातील चर्चा : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शाळेचा दिवस परिपाठाने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष या क्रमात एक विद्यार्थी पुढे येऊन त्या दिवशीच्या बातम्या वाचतो. कोठे युद्ध पेटलेले असते, कोठे भूकंप झालेला असतो, कोणत्या तरी देशात सत्तांतर घडलेले असते. बातम्या संपतात, बोधकथा सुरू होते आणि रांगा वर्गाकडे वळतात. वाचलेल्या बातमीविषयी कोणी प्रश्न विचारीत नाही. तशी जागाच त्या क्रमात ठेवलेली नसते. पुढे महाविद्यालयात आल्यावर परिपाठही राहत नाही. जगाची बातमी विद्यार्थ्याला मिळते ती भ्रमणध्वनीवर, बहुधा कोणी तरी पुढे ढकललेल्या स्वरूपात आणि बहुधा मूळ सांगणाऱ्याच्या नावावाचून.

बातमी ऐकणे आणि बातमीची चर्चा करणे यांत नेमके कोणते अंतर आहे व ते कसे ओलांडावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ज्या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहमदनगरऐवजी अहिल्यानगर झाले, त्याच्याच इतिहासात आणि बाजारात पुरेशी सामग्री आहे.

ज्ञानोदय आणि एका विद्यार्थिनीचा निबंध

अमेरिकन मराठी मिशनचे काम नगर येथे १८३१ मध्ये सुरू झाले आणि १८४२ मध्ये मिशनने येथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक काढले. काही वर्षांतच ते मुंबईहून निघू लागले. धर्मप्रसार हा त्याचा उघड हेतू होता. तथापि शास्त्रीय माहिती, देशोदेशींची वर्तमाने आणि सामाजिक प्रश्नांवरील वाद यांनाही त्यात स्थान मिळे. नगरला मिस सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा होती. सदाशिव बल्लाळ गोवंडे हे जोतीराव फुले यांचे मित्र नोकरीनिमित्त नगरला होते. त्यांच्याकडे आले असता जोतीरावांनी ती शाळा पाहिली आणि पुण्यात मुलींची शाळा काढण्याच्या त्यांच्या विचाराला बळ मिळाले, ही हकीकत त्यांच्या चरित्रग्रंथांतून परिचित आहे.

या दोन धाग्यांची गाठ १८५५ मध्ये पडली. फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’च्या दोन अंकांत छापून आला. तिचे वय तेव्हा चौदाच्या आसपास होते. निबंधात तिने पेशवाईतील जुलमांची उदाहरणे दिली. वेद एका वर्णाचेच असतील तर आमचा धर्मग्रंथ कोणता, असा सरळ प्रश्न विचारला. आणि छपराविना प्रसूत होणाऱ्या आपल्या जातीतील स्त्रियांचे हाल सांगितले.

या निबंधाकडे आपण सामान्यतः सामाजिक इतिहासाचा दस्तऐवज म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण अध्यापनाच्या दृष्टीनेही त्यात बरेच शिकण्यासारखे आहे. विद्यार्थिनीने लिहिले ते परीक्षकासाठी नव्हे, अनोळखी वाचकासाठी छापले गेले. तिने आपल्या घरचा अनुभव पुरावा म्हणून मांडला, पण तेवढ्यावर न थांबता त्यातून तर्क केला. तिने स्वतःच्या भाषेत लिहिले. आजच्या वर्गात हे तीनही घडताना क्वचितच दिसते. उलट, जागतिक प्रश्नांवरील निबंध म्हणजे मार्गदर्शकातील उतारे जुळविणे, असा समज रूढ झाला आहे. येथे आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या निदर्शनास आणून द्यावी. निबंध छापणाऱ्या नियतकालिकाचा स्वतःचा एक हेतू होता. हिंदू समाजव्यवस्थेवरील टीका मिशनला सोयीची होती. म्हणून निबंधातील दुःख खोटे ठरत नाही; परंतु कोणतीही बातमी कोणी छापली व का छापली, हा प्रश्न वगळता येत नाही, हे यावरून उत्तम रीतीने शिकविता येते.

किल्ल्यातील बारा जण

९ ऑगस्ट १९४२ रोजी अटक झालेल्या काँग्रेस नेत्यांपैकी बारा जणांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात ठेवण्यात आले. त्यांत मौलाना आझाद, सरदार पटेल, जवाहरलाल नेहरू, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव होते. प्रारंभीचे काही आठवडे त्यांना वृत्तपत्रे मिळाली नाहीत. पुढे ती मिळू लागली, तेव्हा बाहेर महायुद्ध चालू होते आणि १९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. फॅसिस्ट शक्तींचा पराभव व्हावा ही इच्छा आणि ब्रिटिश सत्तेविरुद्धचा लढा यांचा मेळ कसा घालावा, याविषयी या मंडळींत अटकेपूर्वीही मतभेद झाले होते. बंदिवासात त्यांना ते टाळता येण्यासारखे नव्हते.

एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत नेहरूंनी येथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला आणि तो आपल्या सहबंदींना अर्पण केला. काही सहकाऱ्यांनी हस्तलिखित वाचून मौलिक सूचना केल्या, असे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले असून आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांचे ऋण विशेष मानले आहे. ग्रंथाच्या आरंभीच बंगालच्या दुष्काळाचा विचार आलेला आहे. म्हणजे वृत्तपत्रातील बातमी, तिच्यावरील संभाषण, मग लेखन आणि त्या लेखनाचे सहकाऱ्यांकडून वाचन असा तो प्रवास होता. विद्वत्तेची तुलना अर्थातच करावयाची नाही. परंतु हा क्रम कोणत्याही वर्गाला उपलब्ध आहे आणि त्यासाठी तुरुंगात जावे लागत नाही. बातमी उशिरा मिळणे हेदेखील त्या मंडळींच्या एका अर्थी पथ्यावर पडले असावे. ताज्या बातमीवर तत्काळ मत देण्याची सक्ती नसली की विचाराला सवड मिळते. वर्गातील चर्चेसाठी त्याच दिवशीची बातमी न घेता आठवड्यापूर्वीची घ्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तोवर पहिल्या बातमीतील चुका दुरुस्त झालेल्या असतात आणि काय चुकले होते हेही पाहता येते.

कांदा : दूरची बातमी जवळची कशी होते

सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे, आणि त्यातील असंख्य कुटुंबांचा जगाशी येणारा सर्वांत थेट संबंध कांद्यातून येतो. नेप्ती उपबाजारात किंवा घोडेगावला कांद्याची गोणी घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला परराष्ट्र व्यापार हा विषय वेगळा शिकवावा लागत नाही. त्याच्या मुलाला मात्र तो शिकवावा लागतो, कारण पाठ्यपुस्तकातील परराष्ट्र व्यापार आणि घरची पट्टी यांचा संबंध त्याला कोणी दाखविलेला नसतो.

केंद्र शासनाने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यात पूर्ण बंद केली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण प्रतिटन ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क कायम राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्याची अट गेली व शुल्क २० टक्क्यांवर आले; १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द झाले. ही केवळ तारखांची यादी आहे. चर्चा सुरू होते ती पुढच्या प्रश्नाने : डिसेंबरमध्ये बंदी आली तेव्हा शेतकऱ्याने कांदा चाळीत का ठेवला नाही? याचे उत्तर वर्गातील काही विद्यार्थी शिक्षकापेक्षा चांगले देतील. उन्हाळ्यात निघणारा गावरान कांदा चाळीत काही महिने टिकतो. डिसेंबरात बाजारात येणारा लाल कांदा टिकत नाही, तो आला की विकावाच लागतो. त्यामुळे एकाच निर्णयाचा परिणाम महिन्यागणिक वेगळा होतो. दिल्लीतील निर्णयाची बातमी देणाऱ्या वार्ताहराला हे माहीत असेलच असे नाही.

यानंतर विरुद्ध बाजू घेतलीच पाहिजे. शहरातील मजूर कुटुंबाला महाग कांदा परवडत नाही, म्हणून शासनाने निर्यात रोखली. तसेच बांगलादेश हा आपल्या कांद्याचा मोठा ग्राहक. आपल्याकडे निर्यात थांबली की ढाक्यातील गृहिणीच्या स्वयंपाकघरात काय होते, हा प्रश्न आपल्या वर्गात सहसा निघत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथे सत्तांतर झाले तेव्हा सीमेवरील व्यापार काही काळ विस्कळीत झाला आणि ती ‘परदेशातील’ बातमी येथल्या व्यापाऱ्यांच्या चिंतेचा विषय झाली. उत्पादक, शहरी ग्राहक आणि परदेशी ग्राहक या तिघांचे हित एकाच वेळी साधणारा निर्णय कोणता, याला सोपे उत्तर नाही. तसे ते नाही हे विद्यार्थ्याला स्वतःच्या आकडेमोडीतून कळणे महत्त्वाचे आहे.

साखरेबाबतही हेच म्हणता येईल. १ जून २०२२ पासून साखरेची निर्यात नियंत्रित झाली. प्रवरा परिसरातील ऊस उत्पादकाचा मुलगा आणि पाथर्डी तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील मुलगी एकाच बाकावर बसून ती बातमी वाचतील, तर ती दोन वेगळ्या बातम्या ठरतील.

कोण बोलते, कोण गप्प राहते

येथे खरी अडचण येते. मुक्त चर्चा ठेवली की ठरावीक चार-पाच विद्यार्थीच बोलतात. त्यांत वक्तृत्व स्पर्धा गाजविणारे असतात. ऊसतोड कामगाराची मुलगी बोलत नाही, आणि चर्चेला नेमकी तिच्याजवळची माहिती हवी असते. यावर एक साधा उपाय म्हणजे बोलण्यापूर्वी सर्वांनी लिहावे. दहा मिनिटे द्यावीत, अर्धे पान पुरे. काय घडले, हे कोणी सांगितले, यात माझ्या घराशी किंवा गावाशी संबंधित काय आहे आणि मला काय कळले नाही, एवढेच लिहावयाचे. मग शिक्षकाने शेवटच्या मुद्द्यापासून, म्हणजे न कळलेल्या गोष्टींपासून चर्चेला आरंभ करावा. अज्ञान सांगण्यात सर्व समान असतात. मत सांगण्यात नसतात.

‘हे कोणी सांगितले’ हा रकाना बहुधा रिकामा राहतो किंवा त्यात ‘व्हॉट्सॲप’ असे लिहिले जाते. तेथे मूळ शोधण्याची सवय लावावी. निर्यातबंदीची मूळ अधिसूचना विदेश व्यापार महासंचालनालयाची असते. तिच्यावरील वृत्त ही दुसरी गोष्ट आणि अग्रलेख ही तिसरी. तिन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचल्यास तासभराच्या व्याख्यानापेक्षा अधिक समजते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१ क मध्ये शोधक बुद्धीचा विकास हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हटले आहे. ते पाठ करून घेण्याऐवजी असे करून घेणे अधिक बरे.

गाझा, युक्रेन किंवा काश्मीर यांसारखे विषय अधिक नाजूक असतात. वर्गात निरनिराळ्या धर्मांचे विद्यार्थी असतात आणि शब्द शाळेच्या फाटकाबाहेर जातात. म्हणून ते टाळावेत, असे अनेक शिक्षकांचे मत आहे. ते भीतीपोटी असले तरी अगदी निराधार नाही. पण टाळल्याने विषय विद्यार्थ्याच्या मनातून जात नाही, तो फक्त भ्रमणध्वनीच्या स्वाधीन होतो. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामात भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा तणावग्रस्त देशांतील विद्यार्थ्यांना परस्परांशी बोलते करण्याचा उपक्रम होता. ज्याच्याविषयी बातमी आहे त्या देशातील समवयस्क समोर असला की विद्यार्थी शब्द जपून वापरतो. सर्वांना हे शक्य नाही. परंतु त्या देशातील सोळा वर्षांच्या मुलाने हा परिच्छेद वाचला तर त्यातले काय त्याला खोटे वाटेल, हा प्रश्न प्रत्येक वर्गात विचारता येतो.

भित्तिपत्रकाचा उपयोग

आपल्या महाविद्यालयांत भित्तिपत्रकाची परंपरा आहे, पण ती बहुधा जयंती-पुण्यतिथीच्या दिवशीच जागी होते. त्याच फलकावर पंधरवड्याला एका जागतिक प्रश्नावरील पाच-सहा टिपणे लावावीत. प्रत्येक टिपणाखाली लेखकाचे नाव, वर्ग आणि माहितीचा आधार असावा. फलकाच्या खालच्या भागात कोरी जागा ठेवावी. तेथे कोणालाही हरकत नोंदविता यावी, मात्र नावासह. टिपणात चूक आढळल्यास ते काढून टाकू नये. दुरुस्ती ज्याची चूक असेल त्यानेच लिहून मूळ टिपणाशेजारी लावावी. पंधरवडा संपल्यावर सर्व कागद हरकतींसह एका वहीत डकवून ग्रंथालयात ठेवावेत, म्हणजे पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांना मागील वर्षीचा कांदा आणि त्यावरील भांडण दोन्ही वाचावयास मिळतील.