जुन्या फोनवर लिनक्स का चालत नाही?



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी टेबलाच्या खणात दोन-तीन जुने फोन पडून असतात. काच शाबूत, बॅटरीही बरी. पण कंपनीने अपडेट देणे बंद केले म्हणून ते बाजूला पडलेले. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातले की तो आणखी काही वर्षे सुखाने चालतो. मग फोनचे तसे का होत नाही? हा प्रश्न वर्गातली मुले आम्हाला वारंवार विचारतात, म्हणून या अंकात त्याचे उत्तर देत आहोत.

लिनक्स १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिहायला घेतले. ते कुणीही वाचावे, बदलावे, वापरावे. गंमत म्हणजे २००८ पासून बाजारात असलेल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे. मग अडते कुठे?

पहिली अडचण ओळखीची. कॉम्प्युटर सुरू होताना आत कोणकोणते भाग आहेत याची यादी तो स्वतःच लिनक्सला देतो, जणू वर्गातले हजेरीपुस्तक. बहुतेक फोनमध्ये असे हजेरीपुस्तक नसते. कोणता भाग कुठे जोडला आहे, हे प्रत्येक मॉडेलसाठी कुणीतरी बसून लिहावे लागते. त्याला 'डिव्हाइस ट्री' म्हणतात.

दुसरी अडचण ड्रायव्हरची. कॅमेरा, स्क्रीन, वायफाय यांना चालवणाऱ्या प्रोग्रॅमना ड्रायव्हर म्हणतात. चिप बनवणाऱ्या कंपन्या ते बहुधा गाभ्याच्या एकाच आवृत्तीसाठी लिहितात आणि त्यातले काही भाग गुप्त ठेवतात. गाभा नवा घेतला की जुने ड्रायव्हर चालत नाहीत. म्हणून अशा फोनवर कॅमेरा बहुधा सर्वांत शेवटी सुरू होतो.

तिसरी अडचण कुलुपाची. फोन सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम म्हणजे बूटलोडर. कित्येक फोनमध्ये तो कंपनीने कुलूपबंद केलेला असतो. फोन आपण विकत घेतलेला, पण किल्ली कंपनीकडे!

चौथी अडचण झोपेची. फोनने बॅटरी वाचवायला सतत डुलकी घ्यायची, पण आजीचा फोन आला की ताबडतोब जागे व्हायचे. हे जमले नाही तर बॅटरी संध्याकाळपर्यंतही टिकत नाही, किंवा फोन वाजतच नाही.

पाचवी अडचण सर्वांत गंभीर. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केले. आता बोलणेही फोरजी किंवा फाइव्हजीवरूनच जाते आणि त्याची जुळणी प्रत्येक कंपनीची थोडी वेगळी. ती जमली नाही तर ९११ लाही फोन लागेल याची खात्री नाही. शिवाय बँकांची अनेक ॲप अशा फोनवर उघडायला नकार देतात.

तरीही प्रयत्न थांबलेले नाहीत. २०१३ मध्ये 'उबुंटू एज' या फोनसाठी कॅनॉनिकल कंपनीने लोकांकडे ३ कोटी २० लाख डॉलर मागितले. जमले सुमारे १ कोटी २८ लाख, आणि फोन निघालाच नाही. २०१७ मध्ये कंपनीने फोनचे काम सोडले, तेव्हा 'यूबीपोर्ट्स'च्या स्वयंसेवकांनी ते पुढे चालवले. त्याच वर्षी 'पोस्टमार्केटओएस' सुरू झाले. फोन दहा वर्षे वापरता यावा, हे त्याचे ध्येय. पुढे 'लिब्रेम ५' आणि 'पाइनफोन' हे मुळातच लिनक्ससाठी बनवलेले फोनही आले.

कुणाला हे करून पाहायचे असेल तर आमची सूचना अशी : रोजचा फोन वापरू नका, खणातला घ्या. आपले मॉडेल पोस्टमार्केटओएसच्या यादीत आहे का आणि त्याचे कुलूप उघडते का, हे आधी पाहा. कुलूप उघडताना फोनमधले सर्व काही पुसले जाते, म्हणून फोटो आधी दुसरीकडे उतरवून घ्या. मुलांनी आई-बाबांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये.

फोन म्हणून तो कदाचित चालणार नाही. पण वायफाय सुरू झाले तर घरातला छोटा सर्व्हर म्हणून तो उपयोगी पडेल, आणि एक चालू यंत्र कचऱ्यात जायचे वाचेल.