सव्वा लाखाचा हत्ती

'हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा' अशी आपल्याकडे म्हण आहे. ही म्हण ज्याने केली त्याने हत्ती विकण्याचा विचार केला असावा. पोसण्याचा केलेला दिसत नाही. हत्तीच्या व्यवहारात किंमत ही त्या मानाने किरकोळ बाब. खरी बाब म्हणजे रोजचा चारा आणि माहुताचा पगार.

हल्ली शहरात कोणी दारी हत्ती बांधत नाही हे खरे. पण गेल्या काही वर्षांत त्याच जातीचे एक जनावर आपल्यासारख्यांच्या सोसायट्यांतून डुलू लागले आहे. उंच, रुंद, दोन टनांहून जड आणि आठ सिलिंडरांची परदेशी एसयूव्ही! आणि तीही जुनी. नवी घेण्याची आपली ऐपत नाही, आणि तसा कोणाचा गैरसमजही नाही. पण कोटीच्या घरातली मोटार बारा वर्षांनी पंधरा-वीस लाखांना मिळते असे कळले, म्हणजे भल्याभल्या हिशेबी माणसाचा जीव खालीवर होतो. तेवढ्या पैशांत एक बरी देशी गाडी येते. मग हीच का नको?

आमच्या धाकट्या मेहुण्यांचा जीव दीड वर्षापूर्वी असाच खालीवर झाला. ते चिंचवडला एका कारखान्यात अभियंता आहेत. गावाकडच्या जमिनीच्या वाटणीचे तेवीस लाख रुपये नुकतेच हाती आले होते. एका शनिवारी ते घरी आले आणि म्हणाले, "दाजी, उद्या एक मोटार बघायला चला. यंत्र मी बघतो. कागद तुम्ही वाचा. तुम्हाला पेपर तपासायची सवय आहे."

मोटार होती पोर्शे कंपनीची केयेन टर्बो, २०१२ सालची.

या मोटारीची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. श्टुटगार्टची ही कंपनी ठेंगण्या, दोन दारांच्या शर्यतबाज मोटारींसाठी प्रसिद्ध. १९९० नंतरच्या दोनचार वर्षांत तिचा खप एवढा बसला की कंपनी टिकते की नाही अशी शंका होती. पुढे तिने फोक्सवॅगनबरोबर भागीदारीत एक उंच, चार दारांची, कुटुंबाची मोटार तयार केली आणि २००२ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली. जुन्या भक्तांनी नाके मुरडली. धर्म बुडाला असेच त्यांना वाटले! पण पैसा त्याच मोटारीने मिळवून दिला. केयेन हे एका झणझणीत लाल मिरचीचेही नाव आहे, आणि ते तिला शोभते. २०१० साली तिची दुसरी पिढी आली. आम्ही पाहायला गेलो ती त्यातली टर्बो. ४.८ लिटरचे इंजिन, ५०० अश्वशक्ती. थांबलेल्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटरचा वेग ४.७ सेकंदांत, कमाल वेग ताशी २७८. गंमत अशी की, आपला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ सालीच पूर्ण खुला झाला आणि त्यावर मोटारींना ताशी १०० ची मर्यादा आहे, घाटात त्याहून कमी. म्हणजे या जनावराची तीनपंचमांश चाल आपल्याकडे गोठ्यातच बांधून ठेवायची.

एवढी किंमत उतरते कशी, हे मी मेहुण्यांना विचारले. त्याचे उत्तर यंत्रात नसून माणसांत आहे. अशा पूर्ण तयार आयात मोटारींवर आजवर मूळ किमतीएवढी, प्रसंगी तिच्याहूनही अधिक जकात लागत आली. म्हणजे नव्या मोटारीच्या किमतीतला मोठा भाग हा मोटारीचा नसून सरकारचा असतो, आणि तो पुढचा गिऱ्हाईक भरून देत नाही. त्यात ज्याला अशी मोटार परवडते त्याला नवीच हवी असते. आणि ज्याला जुनी चालते त्याला खर्चाची धास्ती असते. गिऱ्हाईक थोडे, म्हणून भाव खाली. पण (आणि सारी मेख इथेच आहे) मोटारीची किंमत तिच्या वयाप्रमाणे उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. सतरा लाखांना घेतलेल्या मोटारीचा ब्रेक हा सतरा लाखांच्या मोटारीचा ब्रेक नसतो. तो कोटीच्याच मोटारीचा असतो. आठ सिलिंडर म्हणजे प्लग आठ, इंधनाच्या पिचकाऱ्या आठ. इंजिनाचे तेल आपल्या लहान मोटारीला तीनचार लिटर पुरते. इथे डबेच्या डबे ओतावे लागतात.

मोटार दिसायला देखणी होती. तेरा वर्षांत चाललीही थोडी, अवघी एकतीस हजार किलोमीटर. दलालाने हा आकडा तीन वेळा उच्चारला. मेहुणे मात्र गप्प झाले. नंतर त्यांनी मला समजावून सांगितले ते प्रत्येक गिऱ्हाइकाने ध्यानात धरण्याजोगे आहे. लोखंड धावण्याने झिजते. पण रबर आणि प्लॅस्टिक नुसत्या वर्षांनी म्हातारे होते, मोटार धावो की उभी राहो. केयेनच्या पहिल्या पिढीतल्या आठ सिलिंडरी इंजिनांत पाणी खेळवणाऱ्या काही नळ्या प्लॅस्टिकच्या होत्या. वर्षानुवर्षे उष्णता खाऊन त्या ठिसूळ होत आणि तडकत. पुढे त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या नळ्या आल्या. नळीची किंमत फार नव्हे, पण ती बसते इंजिनाच्या अशा सांदीत की तिथवर हात पोचवायला अर्धे इंजिन उकलावे लागते. पैसे जातात ते त्या उकलण्याला. तीच गोष्ट हवेच्या स्प्रिंगांची. पोलादी कमानींऐवजी या मोटारी रबरी फुग्यांवर उभ्या असतात. फुगा जुना होऊन हवा सोडू लागला, की सकाळी मोटार एका अंगावर बसलेल्या म्हशीसारखी दिसते. म्हणून फार कमी चाललेल्या मोटारीपेक्षा नियमाने चाललेली आणि नियमाने दुरुस्त झालेली मोटार बरी.

मेहुण्यांनी दलालाच्या गोड बोलण्याकडे लक्ष न देता तीन गोष्टी मागितल्या. इंजिन पूर्ण थंड असताना ते आपल्यासमोर सुरू करावे. मोटार उचलून खालून दाखवावी. आणि आपल्या ओळखीच्या कारागिराला तिचा संगणक वाचू द्यावा. खुर्च्यांखालचे गालिचे त्यांनी स्वतः उचलले, चारी पट्टे शेवटपर्यंत ओढून पाहिले. पुरात बुडालेली मोटार वरून कितीही चकचकीत केली तरी पट्ट्याच्या तळाशी गाळाची रेघ राहते, खुर्चीच्या रुळांवर गंज राहतो. २००५ च्या मुंबईतल्या, २०१५ च्या चेन्नईतल्या आणि २०१९ च्या सांगली-कोल्हापुरातल्या पुरानंतर ही तपासणी कोणीही टाळू नये.

माझ्या वाट्याला कागद आले. मोटार महाराष्ट्रातच नोंदलेली होती हे एक बरे. कारण राजधानीकडून येणाऱ्या स्वस्त मोटारींचा एक वेगळाच बाजार आहे. दहा वर्षांवरच्या डिझेल मोटारींना दिल्लीत २०१५ साली हरित लवादाने बंदी केली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २०२५ साली न्यायालयाने काही दिलासा दिला खरा, पण मधल्या काळात कितीतरी दांडगी डिझेल धुडे पडेल भावात दक्षिणेकडे आली. ती स्वस्त दिसतात. पण तिकडचे ना-हरकत पत्र हवे, आणि इकडे कर नव्याने भरावा लागतो.

दुसरी बाब नाव बदलण्याची. मोटार विकणाऱ्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करावा, असा कायदा आहे. लोक हे काम दलालावर टाकून मोकळे होतात. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे की, दफ्तरी ज्याचे नाव तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. मोटार चार हात फिरली असली तरी. या निकालाने घाबरायला हवे ते खरे म्हणजे विकणाऱ्याने!

विम्याचा कागद मी दोनदा वाचला, आणि तिथे मला या व्यवहाराचे मर्म सापडले. साध्या सर्वंकष विम्यात मोटारीच्या भागांची भरपाई घसारा वजा करून देतात. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांची निम्मी किंमत कापतात. आणि मोटार दहा वर्षांवरची झाली की धातूच्या भागांचीही निम्मी. म्हणजे विमा कंपनी पैसे देताना मोटारीचे वय पाहते आणि दुकानदार पैसे घेताना तिचे कुळ पाहतो. या दोहोंतले अंतर मालकाने आपल्या खिशातून भरायचे. दलालाने पुढे केलेल्या कोणत्याही कागदावर हे वाक्य नव्हते.

आणखी एक आकडा मी पेन्सिलीने अधोरेखित केला. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. म्हणजे हिची मुदत २०२७ साली भरते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवायची. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दराने हे शुल्क देशी मोटारीला ५,००० रुपये आहे आणि आयात मोटारीला ४०,०००. शिवाय आपल्या राज्याचा पर्यावरण कर निराळा. सरकारही कुळ ओळखते.

हे सारे घेऊन आम्ही घरी आलो, आणि खरा खटला तिथे चालला. वहिनींना त्या पैशांतून घराचे कर्ज हलके करायचे होते. अजून अकरा वर्षांचे हप्ते बाकी आहेत. त्यांनी दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या जागेवर गणित मांडले. सतरा लाख मोटारीत घातले तर तेवढ्या कर्जावरचे साडेआठ टक्के व्याज वर्षाला एक लाख चव्वेचाळीस हजार पाचशे. "हा पहिला चारा," त्या म्हणाल्या, "जनावर एक पाऊल चाललं नाही तरी लागणारा." आमच्या सासूबाईंचे म्हणणे निराळेच. २०२४ च्या मे महिन्यात कल्याणीनगरला याच नावाच्या मोटारीखाली दोन तरुण जीव गेले, ती बातमी पुण्यात कोण विसरेल? "त्या नावाची गाडी दारात नको," एवढेच त्या म्हणाल्या आणि देवघरात गेल्या. त्यांना कोणी उत्तर दिले नाही. देण्यासारखे नव्हतेच.

मला कोणी मत विचारले नाही. विचारले असते तर मी कर्जाच्या बाजूने दिले असते. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मेहुण्यांनी आयुष्यात स्वतःसाठी म्हणून काही मागितलेले मी पाहिले नव्हते. शाळेत असताना ते वर्तमानपत्रांतली मोटारींची चित्रे कापून वहीत चिकटवीत. ती वही माझ्या पत्नीने अजून जपून ठेवली आहे. अखेरीस वहिनींनीच तोड काढली. मोटार सतरा लाखांना घ्या. उरलेल्या सहा लाखांचे स्वतंत्र खाते काढा. पेट्रोल पगारातून, बाकी सगळा खर्च त्या खात्यातून. खाते रिकामे झाले त्या दिवशी मोटार विकायची, त्यावर चर्चा नाही. आणि मुलगी अठरा वर्षांची झाली तरी तिच्या हाती चावी द्यायची नाही. मेहुण्यांनी शेवटची अट सर्वांत आधी मान्य केली.

आणखी एक परीक्षक राहिले होते. आमचे सासरे एसटीत बत्तीस वर्षे ड्रायव्हर होते. वरंधा घाट त्यांना अंगणासारखा ठाऊक. मोटार आल्यावर पहिल्याच रविवारी मेहुण्यांनी त्यांना शेजारी बसवले, मी मागे. भोर सोडून घाट लागला. ५०० घोडे म्हणजे काय ते मला तिथे कळले. आवाज नाही, खेच नाही. चढ जणू कोणीतरी आमच्याखालून काढून घेतला होता. मी मनातल्या मनात कर्ज, घसारा, पर्यावरण कर सारे विसरलो. सासरे मात्र गप्प. वर पोचल्यावर म्हणाले, "चढते छान. चढायला पैसे लागतात, ते दिलेत तुम्ही. आता उतरून दाखव." उतरताना त्यांचे डोळे रस्त्यावर नव्हते, मेहुण्यांच्या उजव्या पायावर होते. दुसऱ्या वळणाला त्यांनी खाकरून सांगितले, "ब्रेकवर उतरू नकोस, गिअरवर उतर. दोन टनांचा भार आहे मागे." पायथ्याशी चहा घेताना ते मला म्हणाले, "गाडी चांगली आहे. मला असली कधी मिळाली नाही." पुढे काही बोलले नाहीत.

दीड वर्ष झाले. मोटार आठवड्यातून दोनदा निघते. एरवी मेहुणे कारखान्याच्या बसने जातात. शहरात लिटरला जेमतेम चारपाच किलोमीटर देते. लांबच्या रस्त्यावर दुपटीच्या आसपास. टाकी एकदम भरण्याचा प्रसंग ते शक्य तो येऊ देत नाहीत. सोसायटीतली मुले तिच्याभोवती जमतात आणि वॉचमन तिला आपली समजून रोज पुसतो.

खात्याचे पासबुक वहिनींच्या कपाटात असते. चार टायर : एक लाख वीस हजार. पुढच्या ब्रेकच्या तबकड्या आणि पॅड : एक लाख दहा हजार. (घाट उतरण्याची किंमत, सासऱ्यांना आकडा सांगितलेला नाही.) तेल, प्लग, गाळण्या : पंच्याऐंशी हजार. दोन वर्षांचा विमा : एकाहत्तर हजार. शिल्लक दोन लाख चौदा हजार. मागचे ब्रेक दिवाळीनंतर बदलावे लागतील असे कारागीर म्हणतो, आणि वहिनींनी तो अंदाज पासबुकाच्या शेवटच्या पानावर आत्ताच पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.