चीक कुणाचा? दुधातलं एक प्रथिन आणि बाळाची प्रतिकारशक्ती

आज आपण दुधातल्या एका प्रथिनाबद्दल बोलणार आहोत. त्याचं नाव लॅक्टोफेरिन. नाव अवघड वाटलं तरी वस्तू ओळखीची आहे. म्हणून सुरुवात स्वयंपाकघरातून करू.

शेजाऱ्याची म्हैस व्याली की तांब्याभर चीक घरी येतो. त्यात गूळ, वेलदोडा घालून वाफवला की खरवस तयार. आपल्याकडच्या कानडी घरांत त्यालाच गिण्णू म्हणतात. आता प्रश्न असा, की नेहमीचं दूध कितीही वाफवलं तरी त्याची वडी पडत नाही. मग चिकाची का पडते? कारण चिकात संरक्षण करणारी प्रथिनं भरपूर असतात. अंडं उकडलं की जसं घट्ट होतं, तशीच ही प्रथिनं उष्णतेने गोठतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला इथेच परत यायचं आहे.

या प्रथिनांमध्ये सगळ्यात जास्त असतात प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंना ओळखून पकडणारी. त्यांच्या सोबतीला असतं लॅक्टोफेरिन. गाईच्या दुधातल्या या लाल प्रथिनाची नोंद 1939 साली झाली आणि 1960 मध्ये ते शुद्ध रूपात वेगळं करता आलं. दूध पांढरं आणि प्रथिन लाल कसं? कारण ते लोह धरून ठेवतं. नावातच ते आहे: लॅटिनमध्ये ‘लॅक’ म्हणजे दूध आणि ‘फेरम’ म्हणजे लोखंड.

हे लोह धरून ठेवणंच त्याचं मुख्य काम. बहुतेक रोगजंतूंना वाढायला लोह लागतं. लॅक्टोफेरिनचा एक रेणू लोहाचे दोन अणू घट्ट पकडतो. बाळाच्या आतड्यात सुटं लोह उरलं नाही, की जंतूंची उपासमार होते. आतड्यात राहणाऱ्या चांगल्या जिवाणूंना लोह फारसं लागत नाही, त्यामुळे त्यांचं फावतं. दुसरं काम असं, की काही जंतूंच्या बाहेरच्या आवरणाला चिकटून ते त्यालाच खिळखिळं करतं. आणि तिसरी गंमत: पोटातल्या पाचक रसाने त्याचे तुकडे झाले, तर त्यातला एक तुकडा स्वतःच जंतुनाशक ठरतो. त्याला लॅक्टोफेरिसिन म्हणतात.

तोंडाने घेतलेलं प्रथिन पचून जात नाही का, असं कुणीही विचारेल. मोठ्या माणसात बरंचसं पचतंच. पण नवजात बाळाच्या पोटातलं आम्ल सौम्य असतं, म्हणून त्याचा बराच भाग शाबूत आतड्यापर्यंत पोचतो. निसर्गाची वेळ अचूक आहे. आईच्या चिकात लॅक्टोफेरिन लिटरमागे साधारण 5 ते 7 ग्रॅम, पुढच्या दुधात 1 ते 3 ग्रॅम, आणि गाईच्या नेहमीच्या दुधात जेमतेम 0.1 ग्रॅमच्या आसपास. शिवाय आईच्या दुधातली प्रतिपिंडं तिच्या स्वतःच्या परिसरातल्या जंतूंविरुद्ध तयार झालेली असतात. वळसंगच्या मातीतले, पाण्यातले जंतू वळसंगच्या आईच्या शरीराला माहीत असतात. बाहेरून आणलेल्या डब्यात ही ओळख कुठून येणार?

हल्ली लॅक्टोफेरिनची पावडर, कॅप्सूल विकायला येते. त्याचं काय? कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांवर याचे अभ्यास झाले. 2009 साली इटलीतल्या 472 बाळांच्या अभ्यासात नुसतं दूध घेणाऱ्या गटात उशिरा होणारा रक्तातला जंतुसंसर्ग 17.3 टक्के बाळांना झाला, तर गाईचं लॅक्टोफेरिन दिलेल्या गटात 5.9 टक्के. सगळ्यांना मोठी आशा वाटली. मग 2019 मध्ये ब्रिटनमधला 2,203 बाळांचा अभ्यास आला. त्यात 29 आणि 31 टक्के, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. तेव्हा प्रथिन गुणी आहे, पण डब्यातून दिलं म्हणजे आईच्या दुधाइतकं काम करेलच असं नाही. घरातले पैसे त्यावर घालण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आपल्या राज्यातलं एक उदाहरण बघा. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्ध पेढी सुरू केली. आशियातली ही पहिली. ज्या बाळाला आईचं दूध मिळू शकत नाही, त्याला दुसऱ्या मातांनी दान केलेलं दूध मिळतं. अशा पेढ्यांत ते दूध 62.5 अंशांवर अर्धा तास तापवून सुरक्षित करतात. तापवल्याने लॅक्टोफेरिन बरंच कमी होतं, तरीही ते दूध बाळासाठी मोलाचं असतं. मग स्वतःच्या आईचा ताजा चीक किती मोलाचा, हिशोब तुम्हीच करा.

आणि तोच चीक आपण कधी ‘पिवळा आहे, जड आहे’ म्हणून पिळून टाकतो. बाळाला मध चाटवतो, साखरेचं पाणी देतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातली 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली; पण जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेली बाळं फक्त 41.8 टक्के. म्हणजे दवाखान्यापर्यंत पोचलो, आईच्या छातीपर्यंत पोचायला उशीर केला. चीक थोडाच येतो, चमचाभर; पहिल्या दिवशी बाळाला तेवढाच पुरतो. सिझेरियन झालं तरी पाजता येतं. आजीबाईंनो, तुमचा शब्द घरात चालतो. हे तुम्ही सांगितलंत तर सून ऐकेल.

गोठ्यातही हीच गोष्ट. माणसाच्या बाळाला काही प्रतिपिंडं पोटात असतानाच आईकडून मिळतात. वासराला, रेडकाला ती मिळतच नाहीत. त्याची सगळी भिस्त चिकावर. आणि ती शोषून घेणारं आतडं साधारण 24 तासांत बंद होतं. ‘वार पडू दे, मग पाजू’ म्हणून थांबलो, तर ती वेळ निघून जाते. पहिल्या दोन तासांत पाजा. दिवसभरात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक त्याच्या पोटात गेला पाहिजे.

आता खरवसाकडे परत येऊ. तो घट्ट झाला, त्याच क्षणी त्या प्रथिनांची मूळ घडी मोडली. म्हणून खरवस पौष्टिक आहे, चविष्ट आहे, पण औषध नाही. म्हणून कच्चा चीक प्यायचा का? अजिबात नको, जनावरापासून माणसाला होणारे ब्रुसेलोसिस, क्षयासारखे आजार त्यातून येऊ शकतात. आधी रेडकाचं पोट भरू द्या, मग उरलेल्याचा खरवस करा आणि आनंदाने खा. आणि आईचा चीक तेवढा तिच्या बाळालाच मिळू द्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.