गल्लीची वर्गणी, गल्लीचं गटार

कराचीच्या ओरंगी वस्तीत सांडपाणी आणि मैला गल्लीतूनच उघडा वाहायचा. १९८० मध्ये अख्तर हमीद खान यांनी तिथे ‘ओरंगी पायलट प्रोजेक्ट’ सुरू केला. वीस-तीस घरांची एक गल्ली, रहिवाशांनीच निवडलेला तिचा प्रमुख. वर्गणी काढायची आणि भूमिगत गटार आपणच टाकायचं. नकाशे, अवजारं, तांत्रिक सल्ला प्रकल्प देई. ठेकेदार नसल्यानं खर्च सरकारी दराच्या कितीतरी खाली आला. संडास आणि गल्लीतली वाहिनी लोकांची, मुख्य नाला आणि शुद्धीकरण सरकारचं, अशी वाटणी ठरली. आपला वाटा आधी उचलला तो गरिबांनी, हे ठळकपणे सांगायलाच हवं. प्रकल्पाच्या संचालक, वस्त्यांच्या जमिनींची नोंद ठेवणाऱ्या परवीन रहमान यांची १३ मार्च २०१३ रोजी गोळ्या घालून हत्या झाली.