माणूस फोनवर येईपर्यंत

गेल्या वर्षावासात पुतणीसाठी ऑनलाइन दुकानातून लॅपटॉप मागवला. वहिनी चार घरची धुणीभांडी करतात. त्यांची भिशी आणि आमचे पतपेढीचे कर्ज मिळून ३८ हजार रुपये घातले. नवव्या दिवशी स्क्रीन काळी पडली ती पडलीच. पोरीची परीक्षा तोंडावर!

दुकानाच्या नंबरवर फोन लावला. मराठीसाठी अमुक दाबा, तक्रारीसाठी तमुक दाबा. दाबून दाबून बोट दुखले, की तोच गोड आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू. लिहून विचारले, तर उत्तर देणारेही यंत्रच. म्हणे, मशीन बंद करून चालू करा. जे चालूच होत नाही ते बंद कसे करावे? सहा दिवस असेच गेले.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, राहू द्या. आपलं कोण ऐकतंय?"

हे बोलणे आम्हांला लॅपटॉपपेक्षा जास्त लागले. आम्ही जन्मभर कारकुनी केली आणि इथे तोंडी तक्रार करीत बसलो होतो! २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा प्रत्येक दुकानाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. त्याचे नाव-पत्ता दुकानाच्या साइटवर सापडला. बिल, तारखा, काळ्या स्क्रीनचा फोटो जोडून ई-मेल धाडला. शिवाय १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत तक्रार नोंदवून क्रमांक घेतला. हा फोन फुकट लागतो.

तिसऱ्या दिवशी दुकानातून फोन आला. चक्क माणसाचा! तो दुरुस्तीची भाषा करू लागला, तोच वहिनींनी फोन आमच्या हातून घेतला. "नऊ दिवसांत बिघडलेली वस्तू दुरुस्त नको. बदलून द्या." आठवड्यात नवा लॅपटॉप आला.

तो आला नसता तर आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होतो. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो. मुदत दोन वर्षांची. वकील लागतोच असे नाही आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

एक मात्र सांभाळा. कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथे भामटे टपलेले असतात. बिलावरचाच घ्या आणि ओटीपी कोणालाही सांगू नका.

परवा विहारात वंदना झाल्यावर पुतणी शेजारणीच्या मिक्सरचे बिल पुढ्यात घेऊन अर्ज लिहीत बसली होती. वहिनी शेजारी बसून सांगत होत्या, "तारीख आधी टाक."